मोठे आतडे आणि कोलन : एका नावाची शहानिशा

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सयाजीराव महाराजांचा शिक्षणविचार असे विषय मांडले. त्यांच्या पंक्तीत आतड्यासारखा विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो, हे प्रथमच कबूल करतो. कार्यवाहांनी दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा ‘मोठे आतडे आणि कोलन यांतील भेद’ असे मी उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, व्याख्यान सायंकाळी आहे, म्हणजे जेवणाआधी. चालेल ना?” मी म्हटले, चालेल. कारण हा विषय वरवर पाहता वैद्यकाचा असला, तरी मुळात तो शब्दांचा विषय आहे. आणि शब्दांची चौकशी ग्रंथालयात करायची नाही, तर कोठे करायची?

या चौकशीला माझ्या बाबतीत आणखी एक कारण आहे. या दोन शब्दांतील भेद मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकविला, आणि जेथे तो पाळायला हवा होता तेथे एकदा पाळला नाही. ज्यांच्या बाबतीत माझी चूक झाली, ते गृहस्थ याच ग्रंथालयाचे सेवक होते. त्यांची कथा मी पुढे सांगणार आहे.

कोलन या शब्दाशी माझी पहिली भेट वैद्यकीय महाविद्यालयात झाली नाही, ती याच वास्तूत झाली. १९६० च्या सुमारास मी शाळकरी मुलगा होतो. देवघेवीच्या खिडकीवर जे गृहस्थ बसत, त्यांना आम्ही सारी मुले काका म्हणत असू. त्यांच्या मेजावर एक इंग्रजी पुस्तक नेहमी असे. ‘कोलन क्लासिफिकेशन’ हे त्याचे नाव. मी अर्थ विचारला, तेव्हा काकांनी कागदावर एकाखाली एक अशी दोन टिंबे काढून दाखविली. “याला इंग्रजीत कोलन म्हणतात, आपल्याकडे अपूर्णविराम. रंगनाथन नावाच्या मोठ्या माणसानं या दोन टिंबांवर सगळ्या पुस्तकांची व्यवस्था लावली आहे,” असे ते म्हणाले. शियाळी रामामृत रंगनाथन यांची ही वर्गीकरणपद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली, हे मला पुष्कळ नंतर कळले.

१९६६ साली मी येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो आणि शरीररचनेच्या तासाला कळले, की कोलन हे एक आतडे आहे! त्याच संध्याकाळी मी काकांकडे आलो. त्यांनी शांतपणे मोठा इंग्रजी शब्दकोश उघडला. निष्पन्न झाले ते असे, की हे दोन कोलन एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. ग्रीक भाषेत पहिला ‘ओ’ दीर्घ असलेला एक शब्द आहे. त्याचा अर्थ अवयव किंवा वाक्याचा अंश. त्यापासून विरामचिन्हाचे नाव आले. ऱ्हस्व ‘ओ’ असलेला दुसरा शब्द आतड्याचा वाचक आहे. पोटातल्या कळीला इंग्रजीत ‘कॉलिक’ म्हणतात, तो शब्द या दुसऱ्या कोलनचा वंशज. काका हसून म्हणाले, “म्हणजे तुझं कोलन वेगळं आणि माझं वेगळं.” त्या हसण्याची आठवण मला पुढे फार छळणार होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मोठे आतडे आणि कोलन यांत भेद काय? थोडक्यात सांगायचे तर कोलन हा मोठ्या आतड्याचा एक भाग आहे. तो सर्वांत मोठा भाग आहे. पण भागच आहे. मोठे आतडे हे पूर्णाचे नाव, कोलन हे अंशाचे नाव.

हा प्रवास आपण क्रमाने करू. लहान आतडे पोटाच्या उजव्या बाजूस, खाली, मोठ्या आतड्याला मिळते. ते टोकाला मिळत नाही, किंचित वर बाजूने मिळते. त्यामुळे संगमाच्या खाली सुमारे ६ सेंटिमीटर लांबीची एक बंद पिशवी उरते. हे उंडुक. पुढे वाट नाही म्हणून याला अंधनाल असेही म्हणतात, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही ‘आंधळे’ असाच आहे. उंडुकाला लोंबकळणारी करंगळीएवढी नळी म्हणजे आंत्रपुच्छ, आपल्या नेहमीच्या बोलण्यातले अपेंडिक्स. उंडुकाच्या वर, लहान आतड्याच्या संगमापासून, कोलन सुरू होतो. तो उजव्या कुशीतून यकृताकडे सुमारे १५ सेंटिमीटर चढतो. तेथे वळून पोटाच्या आरपार डावीकडे प्लीहेपर्यंत जातो, हा भाग सुमारे ५० सेंटिमीटरांचा. पुन्हा वळून डाव्या कुशीतून सुमारे २५ सेंटिमीटर उतरतो. आणि शेवटी ओटीपोटात एक नागमोडी वळण घेतो. या चौथ्या भागाला सिग्मॉइड म्हणतात आणि त्याची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर असते. चढता, आडवा, उतरता आणि नागमोडी असे हे चार भाग मिळून कोलन होतो. त्रिकास्थीच्या तिसऱ्या मणक्यापाशी कोलन संपतो आणि गुदाशय सुरू होतो. गुदाशय १२ ते १५ सेंटिमीटर, त्याखाली गुदमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, आणि शेवटी गुदद्वार. हे सारे मिळून मोठे आतडे. एकूण लांबी सुमारे दीड मीटर, जुन्या हिशेबाने पाच फूट.

येथे कोणी सुजाण श्रोता विचारील, की ही नळी तर अखंड आहे. मग कोलन येथे संपला आणि गुदाशय येथे सुरू झाला, ही सीमारेषा पंडितांनी नकाशावर मारलेल्या रेघेसारखीच नव्हे काय? सीमाभागातल्या मराठी माणसाला अशा रेघांविषयी शंका येणे स्वाभाविक आहे! परंतु ही रेघ पंडितांनी मारलेली नाही, ती शरीराने स्वतः आखली आहे. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरचा थर उभ्या धाग्यांचा असतो. उंडुकात आणि कोलनमध्ये हे उभे धागे सर्व बाजूंनी सारखे पसरलेले नसतात. ते मुख्यतः तीन फितींत एकवटलेले असतात. या फिती आतड्याच्या मानाने आखूड असतात. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापडाला जशा चुण्या पडतात, तसे या फितींमुळे कोलनला फुगवटे पडतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला चरबीची लहान लहान लोंबटीही असतात. पोट उघडल्यावर शस्त्रवैद्य कोलन ओळखतो तो या तीन खुणांवरून. या फितींचा माग काढीत खाली गेले की त्या आंत्रपुच्छाच्या मुळाशी नेमक्या एकत्र येतात; सुजेत दडलेले अपेंडिक्स आम्ही असेच शोधतो. दुसऱ्या टोकाला मात्र सिग्मॉइडच्या अखेरीस या तीन फिती पसरतात, एकमेकींत मिसळतात आणि आतड्याभोवती अखंड थर होतो. फुगवटे नाहीसे होतात, चरबीची लोंबटी संपतात. जेथे फिती संपल्या, तेथे कोलन संपला.

भेद एवढ्यावर थांबत नाही. कोलन पोटाच्या पोकळीत असतो. पर्युदर नावाच्या गुळगुळीत आवरणाने तो पूर्णतः किंवा बव्हंशी झाकलेला असतो. गुदाशयाचा वरचा तृतीयांश पुढून आणि बाजूंनी झाकलेला, मधला केवळ पुढून, आणि खालचा तृतीयांश मुळीच झाकलेला नसतो. तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद घेरात, मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी आणि स्त्रियांत योनिमार्ग यांना लगटून बसलेला असतो. कोलनचे अशुद्ध रक्त यकृताकडे जाते. गुदाशयाच्या खालच्या भागातले काही रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते. या गोष्टी मी परीक्षेसाठी सांगत नाही. एखाद्या माणसाच्या आयुष्याचा निवाडा यांवर होत असतो, तो कसा हे आता दिसेल.

तत्पूर्वी आपल्या पूर्वसूरींकडे जरा वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कोठ्यातील पंधरा अवयवांची यादी आहे. त्यांत क्षुद्रांत्र आणि स्थूलांत्र ही दोन आतडी आहेत. पण त्यांखेरीज उत्तरगुद आणि अधरगुद हे दोन अवयव वेगळे मोजलेले आहेत. म्हणजे स्थूलांत्र म्हटले की त्यात गुद आले, असे चरकाने मानले नाही. सुश्रुताने अर्श म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात गुदाचे वर्णन केले आहे : ते स्थूलांत्राला जोडलेले, साडेचार अंगुळे लांब, आणि त्यात प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळी. एक ढकलते, एक बाहेर टाकते, एक मिटते. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून मग कुंचल्याने एकेक थर दूर करीत अवयव पाहावेत, असे सांगणारा हा आचार्य. जोडलेले म्हणजे वेगळे, हे त्याला ठाऊक होते.

मग घोटाळा कोठे झाला? तो भाषांतरात झाला. इंग्रजी ग्रंथांत पूर्णाला एक नाव आहे, अंशाला दुसरे. मराठीत मात्र पूर्णालाही ‘बृहदांत्र’ म्हटले गेले, आणि कोलनच्या दाहालाही ‘बृहदांत्रशोथ’. एकच शब्द दोन्ही खुर्च्यांवर बसला. अर्थात केवळ मराठीला बोल लावू नये. इंग्रजीतले डॉक्टरही बोलण्याच्या ओघात पूर्णासाठी अंशाचे नाव वापरतात. कोलनोस्कोपी हे नाव पाहा. दुर्बिणीची ती नळी गुदमार्गातून शिरते, गुदाशय पाहते, कोलन पाहते आणि उंडुकापर्यंत पोहोचते. म्हणजे सबंध मोठे आतडे पाहते, आणि नाव घेते फक्त कोलनचे. ‘कोलोरेक्टल कॅन्सर’ हे जोडनाव त्या मानाने प्रामाणिक आहे. ते दोन गावांची नावे घेते.

आता या भागांची कामे पाहू. कारण माणसाप्रमाणे अवयवाचीही खरी ओळख कामावरून पटते. लहान आतड्यातून दररोज सुमारे एक ते दीड लिटर पातळ द्रव कोलनमध्ये येतो. कोलन त्यातले पाणी आणि क्षार शोषून घेतो; मलावाटे जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी बाहेर जाते. पचनातून सुटलेल्या तंतूंवर तेथील असंख्य जिवाणू काम करतात आणि त्यांतून जी आम्ले निपजतात, त्यांवर कोलनच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. पाणी टिपणे, मल बांधणे आणि साठविणे हे कोलनचे काम. गुदाशयाला आपण मलाशयही म्हणतो. परंतु निरोगी माणसात तो एरवी बहुधा रिकामा असतो. साठा वर सिग्मॉइडमध्ये असतो. गुदाशय हे देवडीवरचे ठाणे आहे. आले ते वायू आहे, द्रव आहे की घन, याची जाण त्या शेवटच्या भागात होते. आणि दार उघडायचे की मिटलेले ठेवायचे, हे गुदमार्गाभोवतालचे स्नायू ठरवितात. चारचौघांत आपण निर्धास्तपणे बसू शकतो, ते या शेवटच्या वीतभर भागाच्या कृपेने.

गंमत अशी, की पाच फुटांतला मोठा हिस्सा गेला तरी माणूस जगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे आतडे निरुपयोगी, किंबहुना विषाचे कोठार आहे, असा समज युरोपात बळावला होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ यांचेही मत त्याच बाजूचे होते. लंडनचे प्रख्यात शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनी केवळ बद्धकोष्ठतेसाठी अनेकांचे कोलन काढून टाकले. तो सिद्धान्त पुढे टिकला नाही. परंतु त्यातून एक गोष्ट दिसली : कोलन काढता येतो आणि लहान आतडे खालच्या भागाला जोडता येते. १९७८ साली लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी तर कोलन आणि गुदाशय दोन्ही काढून, लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती गुदमार्गाला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. चार सेंटिमीटरांचा गुदमार्ग शाबूत असेल, तर माणसाला स्वाभाविक मार्ग परत देता येतो. तोच गेला, तर वरचे पाचही फूट शाबूत असून उपयोग नाही. पोटावर नवे द्वार करावे लागते.

श्रोतेहो, आता काकांची कथा.

१९८४ चा पावसाळा होता. मी तोवर शस्त्रवैद्य म्हणून स्थिरावलो होतो. काका दवाखान्यात आले ते मूळव्याधीचे औषध मागायला. शौचाच्या वेळी रक्त पडत होते. वर्ष झाले होते. वेदना अशी नव्हती. शेजारच्या गुजराती कुटुंबाने ‘हरस’वरचे रामबाण चूर्ण दिले होते, घरच्यांनी तिखट बंद केले होते, आणि कोणीही तपासले नव्हते. मी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. गुदद्वारापासून दोन बोटे आत कठीण, खडबडीत गाठ लागली. तपासणीला अर्धे मिनिटही लागले नाही. ती वर्षभर कोणी केली नव्हती.

तुकड्याच्या परीक्षणाचा अहवाल आला. काका आणि काकू समोर बसले होते. ज्यांनी मला पुस्तके दिली, त्यांना हे कसे सांगावे याने मी गोंधळून गेलो. मी म्हटले, “काका, मोठ्या आतड्यात गाठ आहे. काढावी लागेल.” काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मोठं आतडं पाच फूट असतं ना? मी वाचलंय. तेवढा तुकडा काढायचा आणि दोन टोकं शिवायची. तुमचं कोलन, डॉक्टर.” आणि ते हसले. लहानपणी ते मला अरे-तुरे करीत. त्या दिवशी प्रथमच ‘तुम्ही’ म्हणाले. ते बोलले ते कोलनबद्दल अक्षरशः खरे होते. पण गाठ कोलनमध्ये नव्हती. ती गुदाशयाच्या तळाशी होती. तेथे, त्या काळी आमच्यापुरता एकच मार्ग होता. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली मांडलेली शस्त्रक्रिया : गुदाशय आणि गुदमार्ग दोन्ही काढायचे, खालचे द्वार कायमचे शिवून टाकायचे, आणि कोलनचे टोक पोटावर डावीकडे आणायचे. हे मला त्याच क्षणी सांगता आले असते. “कोलन नाही, काका, त्याच्या खालचा भाग,” एवढे शब्द पुरले असते. त्यांचा धीर टिकावा म्हणून मी ते उद्यावर टाकले. उद्या राहून गेला. संमतिपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव इंग्रजीत होते. काकांनी माझ्यावरच्या विश्वासाने सही केली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. शुद्धीवर आल्यावर काकांनी पोटावर हात नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरू शकलो नाही. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही मला पुस्तकाचं नाव सांगितलंत. प्रकरण कोणतं, ते नाही सांगितलंत.” थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “सांगितलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं. पण मग ते ‘हो’ माझं असतं.”

मी क्षमा मागितली. त्यांनी काही उत्तर दिले नाही.

घरी गेल्यावर काकांनी पंगतीत बसणे सोडले, देवपूजा सोडली. आपण आता सोवळ्यात बसू शकत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. चांगल्या पिशव्या त्या वेळी आपल्याकडे सहज मिळत नसत. कापडाच्या घड्या आणि पट्टा यांवर भागवावे लागे. काकू मात्र खंबीर. एके दिवशी त्या माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, “अहो, पूर्वी आत होतं, आता बाहेर दिसतंय, एवढंच. देवाला काय आत-बाहेर?” दुसऱ्या दिवशी काका देवघरात बसले. रोज सकाळी त्या द्वारातून पाणी देऊन पोट साफ करण्याची रीत एका अनुभवी परिचारिकेने त्यांना शिकविली. शेष कोलन आपले काम चोख करीत होता : मल बांधलेला असे, आणि एकदा सकाळी पोट मोकळे झाले की दिवस निर्धास्त जाई. पाच महिन्यांनी ते खिडकीवर परत आले, आणि पुढे अकरा वर्षे जगले.

आज हा प्रसंग घडता, तर काय झाले असते? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आतडे यंत्राने टाचण्याची गोलाकार साधने आली आणि जोड अधिक खाली घेता येऊ लागला. इंग्लंडचे बिल हील्ड यांनी १९८२ साली गुदाशय त्याच्या भोवतालच्या मेदाच्या वेष्टनासह अखंड काढण्याची पद्धत मांडली. रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण त्याने फार घटले. गुदाशयाच्या वाढलेल्या कर्करोगात आता शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार आणि औषधे देतात. कोलनच्या कर्करोगात किरणोपचार सहसा देत नाहीत; कारण कोलन पोटात हलता असतो आणि आजूबाजूला नाजूक लहान आतडे असते, तर गुदाशय हाडांच्या घेरात एका जागी स्थिर असतो. साओ पाउलोच्या अँजेलिटा हाबर-गामा यांनी २००४ साली दाखविले, की किरणोपचार व औषधांनी गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया न करता बारकाईने लक्ष ठेवता येते. पाहा, उपचाराची प्रत्येक पायरी कोलन की गुदाशय, या एका प्रश्नावर फिरते. ‘मोठे आतडे’ या उत्तराने तो प्रश्न सुटत नाही. आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडील रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा अधिक आढळतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे.

यातून तीन गोष्टी आपल्यापाशी ठेवून मी रजा घेणार आहे.

पहिली गोष्ट : शौचावाटे रक्त पडले, की ते मूळव्याधीचेच असे घरच्या घरी ठरवू नका. पुष्कळदा ते मूळव्याधीचेच असते, हे खरे. पण गुदमार्गाच्या वरच्या भागात आणि गुदाशयात वेदनेची जाणीव आपल्या त्वचेसारखी नसते, म्हणून तेथील गाठही बहुधा दुखत नाही. न दुखणे ही निर्धोकपणाची खूण नव्हे. बोटाची तपासणी करून घ्या. डॉक्टर टाळत असेल तर आपण होऊन मागा. लाज अर्ध्या मिनिटाची असते. जरूर पडल्यास कोलनोस्कोपी करावी. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली वुल्फ आणि शिन्या यांनी त्या नळीतून आतड्यातले मांसांकुर पोट न उघडता काढून दाखविले. अशा अंकुरांपैकी काही अनेक वर्षांनी कर्करोगात पालटतात. म्हणजे ते वेळीच काढणे हा केवळ शोध नव्हे, प्रतिबंधही आहे.

दुसरी गोष्ट : डॉक्टरने ‘मोठ्या आतड्यात’ काही आहे असे सांगितले, तर तेथेच थांबू नका. कोणत्या भागात? गुदद्वारापासून किती सेंटिमीटर? जोड घेता येईल की पोटावर द्वार करावे लागेल, आणि ते तात्पुरते की कायमचे? हे चार प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच, की ते विचारले जाण्याची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट भाषेची. पूर्णाला ‘मोठे आतडे’ म्हणावे आणि अंशाला ‘कोलन’. कोलन हा शब्द परका वाटत असेल, तर सुश्रुताचा ‘स्थूलांत्र’ हा शब्द त्या कामी घेता येईल. गुद वगळून उरणारे आतडे, असाच त्याचा रोख आहे. बृहदांत्राने मात्र एकाच खुर्चीवर बसावे. कोणती, ते कोशकारांनी ठरवावे.

काका परत कामावर आले, त्यानंतर एकदा त्यांनी मला आत बोलावून आरोग्यविषयक ग्रंथांचा तालिकेचा खण ओढून दाखविला. त्यांनी स्वतःच्या अक्षरात काही नवी पत्रके घातली होती. ‘कोलन’ या नावाची दोन होती : एक ग्रंथवर्गीकरणाचे, एक शरीररचनेचे. आणि एक ‘मोठे आतडे’ या नावाचे. तालिकाकारांच्या भाषेत ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्याचा अर्थ दोन्ही एकच, दुसऱ्याचा अर्थ संबंधित पण वेगळे. काकांनी लिहिले होते : ‘मोठे आतडे. हेही पाहा : उंडुक, आंत्रपुच्छ, कोलन, गुदाशय, गुदमार्ग.’ त्यांतील ‘गुदाशय’ या शब्दाखाली त्यांनी शाईने एक बारीक रेघ ओढली होती. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “पुढच्या माणसाला सापडायला हवं.”

आता तालिका संगणकावर आली आहे. पण जुने खण विश्वस्तांनी जपून ठेवले आहेत, आणि ते पत्रकही तेथेच आहे. हे व्याख्यान संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी ते अवश्य पाहावे.